रेडिओ चेक

दक्षिण सुदानची राजधानी जुबात सिक्युरिटीचं काम करत असताना माझी रात्र रेडिओ चेकने सुरू व्हायची. लोकांना वाटतं सिक्युरिटी म्हणजे बंदुका नि बुलेटप्रूफ गाड्या, पण खरं काम शाळामास्तरासारखं, हजेरी घ्यायची. प्रत्येक एरियाला एक वॉर्डन, तो रेडिओवर आपल्या माणसांचे कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ठरलेली नावं, पुकारणार, उत्तर नाही आलं की ते नाव माझ्याकडे.

एकदा अकाउंट्समधल्या एक बाई काही केल्या उत्तर देईनात, तीनदा पुकारलं, फोन बंद, वर कर्फ्यू लागलेला, शेवटी दोघं गाडी काढून गेलो तर बाईसाहेब ढाराढूर, रेडिओ चार्जरवर नि व्हॉल्यूम शून्य! वर मलाच म्हणाल्या, एवढं काय झालं?

काय सांगणार रात्री दहाला, की माझ्या डोक्यात बगदाद असतं. 19 ऑगस्ट 2003, कॅनल हॉटेल, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं (यूएन) तिथलं ऑफिस. स्फोटकांनी भरलेला ट्रक थेट यूएनचे इराकमधले प्रमुख सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्या ऑफिसच्या खिडकीखाली येऊन फुटला, तेही धरून 22 जण गेले, कितीतरी लोक नुसत्या काचांनी जखमी. 2005 मध्ये यूएनने सिक्युरिटीचं वेगळं खातं काढलं ते त्यानंतर. मी काचेला फिल्म लावा, फुटली तरी तुकडे उडू नयेत, म्हणून बजेटवाल्यांशी भांडायचो ते उगाच नाही.

बाईंचा व्हॉल्यूम मात्र मीच फुल करून आलो, चिकटपट्टी लावून.