नकाशावरचा निळा डाग

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप आला तेव्हा आठवणी शक्यतो आनंदाच्या असाव्यात, अशी एक प्रेमळ सूचनाही सोबत होती. सूचना रास्त आहे. स्नेहसंमेलने, सहली, मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरे यांविषयी माझे वर्गमित्र माझ्यापेक्षा चांगले लिहितील, याबद्दल मला शंका नाही. मला मात्र शाळा आठवू लागली की आधी पाचवीच्या वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा आठवतो. वर-खाली लाकडी दांड्या असलेला, मधोमध घडीची चीर पडलेला आणि कोकणच्या बाजूने कापडाची दशी सुटलेला तो नकाशा शिपाईमामा तासापुरता कार्यालयातून आणून खिळ्याला अडकवीत आणि तास संपला की गुंडाळून परत नेत.

मी 1981 साली पाचवीत गेलो. लालबाग-परळच्या ज्या भागात आपली शाळा आहे, तिथे तेव्हा शाळेची घंटा आणि गिरणीचा भोंगा यांच्यावरच सगळ्यांचे घड्याळ चाले. सकाळी सातची पहिली पाळी, दुपारी साडेतीनची दुसरी, रात्री बाराची तिसरी. आबा, म्हणजे माझे आजोबा, कोणत्या पाळीला आहेत त्यावर आमच्या घरातल्या जेवणाच्या, झोपेच्या आणि मोठ्याने पाठांतर करण्याच्या वेळा ठरत. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात होते. साच्यांच्या आवाजात अख्खी हयात गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत, आणि आम्ही मुले ओठांच्या हालचालीवरून शब्द ओळखण्याची त्यांची कला शाळेत उत्तरे सांगण्यासाठी वापरत असू. (त्या वेळच्या परीक्षा-पर्यवेक्षकांपैकी कोणी हे वाचत असल्यास क्षमस्व.)

दहा बाय बाराच्या त्या खोलीत आबा, आजी, आई-वडील आणि आम्ही तीन भावंडे राहत होतो. वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. आजी खानावळ चालवी. गावाकडचे सात-आठ पुरुष, ज्यांची बायका-मुले गावी होती, ते पाळीप्रमाणे येऊन व्हरांड्यात पाट टाकून जेवत आणि महिन्याच्या पगाराला हिशेब चुकता करीत. त्यांच्या बोलण्यात ‘गावाला जाऊन येतो’, ‘गावाहून पत्र आले’, ‘गावची पालखी’ हे शब्द सतत असत. आमच्या घरातही ‘गाव’ हा शब्द होता, परंतु त्याच्यापुढे ‘जाऊन येतो’ हे शब्द कधी आले नाहीत. याचे मला त्या वयात काहीच वाटत नव्हते.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एके दिवशी भूगोलाच्या सरांनी कोयना प्रकल्प शिकवायला घेतला. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या नदीवर धरण बांधून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला चिपळूण तालुक्यात पोफळीला सोडले, तिथे त्यावर वीज तयार होते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. सरांची छडी नकाशावर फिरत होती. पूर्वेकडे जायचे पाणी माणसाने पश्चिमेकडे वळवले, याचे त्यांना स्वतःलाच इतके अप्रूप होते की ते आम्हालाही वाटू लागले. मग छडीचे टोक एका लांबट निळ्या डागावर थांबले. ‘हा शिवाजीसागर जलाशय.’

मी हात वर करून, न विचारताच सांगून टाकले, ‘सर, त्याच्या खाली आमचं गाव आहे.’

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी, ‘मग तुझे आजोबा मासे आहेत का रे?’ असेही विचारले. सर हसले नाहीत. त्यांनी छडी टेबलावर ठेवली आणि मला नकाशापाशी बोलावून, गाव नेमके कुठे होते ते दाखव, म्हणाले. मला ते ठाऊक नव्हते. बामणोलीच्या जवळ, जावळी तालुका, एवढेच शब्द मी ऐकलेले होते. ‘घरी विचारून ये,’ सर म्हणाले, ‘उद्या दाखव.’

त्या संध्याकाळी आजी तूरडाळ निवडत बसली होती. मी विचारल्यावर तिने उत्तर दिले नाही. सूप बाजूला सारले आणि मूठभर डाळ फरशीवर ओतली. ‘ही नदी,’ म्हणून तिने बोटाने डाळीची वाकडी रेघ ओढली. ‘हितं मारुती. हितनं वढा खाली येतो. वढ्याच्या अंगाला आपलं घर, चार खणांचं. ह्यो आंबा. आन् ह्यो रस्ता वर जातो, त्यो डोंगराला.’ एकेका दाण्याने एकेक घर होत गेले. कोणाचे घर कोणाला पाठ लावून होते, कोणाच्या परड्यात फणस होता, कोणाची विहीर उन्हाळ्यात आटत नसे, हे सगळे ती सांगत होती आणि अर्धा तास तिच्या तोंडून कोणाचीही तक्रार आली नाही. आबा कामावरून आले तेव्हा फरशीवर साठ-सत्तर दाणे मांडलेले होते. ते चप्पल काढता काढता थबकले, खाली वाकले आणि ओढ्याच्या अलीकडचा एक दाणा उचलून पलीकडे ठेवला. ‘त्याचं घर हिकडं होतं,’ एवढेच ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले.

पुढची हकिगत मला त्या रात्री तुकड्यातुकड्यांनी कळली. आबा 1940 च्या दशकातच मुंबईला आले होते, आजी मात्र शेती सांभाळत गावीच होती. 1960 नंतर धरणाचे पाणी चढू लागले तसे लोक हलले. कोणाला दुसऱ्या जिल्ह्यात जमीन दाखवली गेली, कोणी तीच डोंगरउतरणीची वाट धरून पाण्याच्या वर नव्याने छप्पर घातले. आजी माझ्या वडिलांना घेऊन मुंबईला आली. ‘धरणग्रस्त’ हा शब्द मी त्या रात्री प्रथम ऐकला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याचे धक्के मुंबईलाही बसले. आमच्या खोलीतली फळीवरची भांडी खाली आली, सगळी चाळ मैदानात उतरली. आबा त्या वेळी तिसऱ्या पाळीला साच्यावर उभे होते. खात्यातली जमीन एरवीही इतकी थरथरे की धरणीकंप झाल्याचे त्यांना सकाळी दाराबाहेर आल्यावर समजले. हे सांगताना ते हसत, आणि आजी त्यांच्याकडे न बघता डाळ गोळा करीत असे.

आजीची आणखी एक समजूत होती. तिन्हीसांजेला खोलीतला दिवा लागला की आपण सगळेच हात जोडतो. आजी हात जोडून वर म्हणे, ‘आली गं बाई आमची नदी.’ कोयनेच्या विजेने मुंबईचे दिवे लागतात, असे तिला कोणीतरी सांगितले होते. त्या विजेचा मोठा वाटा मुंबईकडे येतो हे खरेच आहे. पण बेस्टच्या भागात वीज मुख्यतः टाटांच्या केंद्रांतून येते, हे मला नववी-दहावीत कळले. आजीला मी ते कधीच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी मी डाळीचा नकाशा वहीच्या पानावर काढून नेला. सरांनी तो बराच वेळ पाहिला. मग खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि भिंतीवरच्या नकाशातल्या निळ्या डागाच्या वरच्या टोकाला मला एक टिंब काढायला लावले. शाळेच्या मालमत्तेवर रेघोट्या काढल्याबद्दल पट्ट्या खाण्याच्या त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आजच्या विद्यार्थ्यांना समजणे कठीण आहे. मागच्या बाकावरचा तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि त्याच्या गावाचे टिंब कुठे येईल, असे विचारू लागला. त्याचे गाव संगमेश्वर तालुक्यातले होते. ते कोरड्या जमिनीवर होते, म्हणून सरांनी त्याला टिंब काढू दिले नाही, यावरून आमचे पुढे आठवडाभर भांडण चालले.

तो मुलगा जून 1982 मध्ये शाळेत आला नाही.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संपाचे राजकारण आणि अर्थकारण यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला फक्त वर्गातून जे दिसले ते सांगायचे आहे. भोंगा बंद झाला. पहिल्या आठवड्यात मुलांना शाळेत यायला उशीर होऊ लागला, कारण निम्म्या घरांत भोंग्याशिवाय दुसरे घड्याळ नव्हते. वर्गाच्या मागच्या खिडकीच्या गजांवर कापसाची जी पिंजर नेहमी साठत असे, ती साठेनाशी झाली. मग उन्हाळा गेला आणि सहावीच्या वर्गात बाके मोकळी दिसू लागली. ज्यांना गाव होते ते गावाला गेले. आमच्या वर्गशिक्षिका बाई हजेरी घेताना त्या मुलांचीही नावे वाचत, किंचित थांबत आणि मग कोणीतरी ‘गावाला, बाई’ असे म्हणे. पटावरची ती नावे दिवाळीपर्यंत कमी झाली नाहीत. नियमाने ती केव्हाच कमी करायला हवी होती, असे पुढे शिक्षक झालेल्या माझ्या एका मित्राने सांगितले.

आमची बाके मात्र भरलेली राहिली, कारण आम्हाला जायला जागा नव्हती. डोंगरउतरणीवरच्या नव्या वस्तीत चुलत आजोबांचे एक छप्पर आणि नाचणीपुरती वरकस जमीन, एवढेच होते. आजीच्या खानावळीतले गडी एकेक करून गावी परतले. जाताना काहींची तीन-तीन महिन्यांची बाकी राहिली, आणि तिने ती भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांत तशीच ठेवली. वडिलांच्या एका पगारावर सात माणसे जेवत होती. ई.बी.सी.च्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या फी-सवलतीचा अर्ज भरताना ‘मूळ गाव’ या रकान्यात काय लिहायचे, असा प्रश्न आला तेव्हा बुडालेल्या गावाचे नाव चालणार नाही, असे एका कारकुनाने आम्हाला बजावले होते. आबांनी त्याच गावाचे नाव लिहिले. आपल्या मुख्याध्यापकांनी काही न बोलता त्यावर सही केली.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आबांना पुन्हा कामावर घेतले नाही. ते सकाळी ‘नवाकाळ’ वाचीत आणि साडेतीन वाजता, दुसऱ्या पाळीच्या वेळी, कारणाशिवाय चाळीच्या जिन्यापर्यंत जाऊन परत येत.

मे 1984 मध्ये आजीने हट्ट धरला आणि आम्ही दोघे एसटीने साताऱ्याला, तिथून कासवरून बामणोलीला उतरलो. आज कासला फुले पाहायला गर्दी लोटते. तेव्हा त्या रस्त्याला आमच्या गाडीत दहा माणसे होती. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी खूप खाली जाते आणि बुडालेल्या वस्त्यांच्या खुणा उघड्या पडतात. लाँचने सोडलेल्या जागेपासून आम्ही भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. मला सगळीकडे दगड दिसत होते. आजी मात्र रस्त्याने चालावे तशी वळणे घेत चालली होती, आणि एका ठिकाणी, जिथून सरळ जाणे सहज शक्य होते तिथे, तिने उजवीकडून वळसा घातला. तिथे कोणाची तरी पडवी होती, असे तिने नंतर सांगितले. आमच्या घराचे जोते हातभर उंच उरले होते. तिने चपला बाहेर काढल्या. आत जाताना मान खाली घालून, वाकून गेली. वर आकाशच होते, तरी ती वाकली. दाराची चौकट तेवढीच बुटकी असावी.

मला तिने आत बोलावले तेव्हा मी सरळ चालत गेलो, तर ओरडली, ‘अरं, डोकं आपटंल!’ आणि मग स्वतःच गप्प झाली.

जूनमध्ये आठवीचा वर्ग सुरू झाल्यावर मराठीच्या बाईंनी सुट्टीविषयी निबंध लिहायला सांगितला. मी हे सगळे लिहिले, आजीचे बोलणे जसेच्या तसे, ‘हितं’, ‘वढा’, ‘आपटंल’ सुद्धा. बाई शुद्धलेखनाच्या बाबतीत अतिशय कडक होत्या, म्हणून वही परत येताना मी धास्तावलो होतो. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या बावीस चुका त्यांनी लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. आजीच्या वाक्यांना त्यांनी हात लावलेला नव्हता. समासात फक्त एवढे लिहिले होते: ‘आजींना वाचून दाखव.’

आजीला वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवले तेव्हा ती डाळच निवडत होती. सगळे ऐकून झाल्यावर तिने एकच चूक काढली. आंबा ओढ्याच्या अलीकडे होता, मी पलीकडे लिहिला होता.