चोकेकिराव: इंकांच्या डोंगरात एकटीने

पेरूला जायचं ठरलं तेव्हा डोक्यात इंका ट्रेलच होता, म्हणजे माचू पिचूला जाणारी इंकांची जुनी पायवाट. चौकशी केली तर कळलं, ती वाट एकट्याने चालताच येत नाही. परवाना असलेला गाईड घेऊनच जावं लागतं, रोज ५०० जणांनाच प्रवेश मिळतो, आणि त्या ५०० मध्ये हमाल, स्वयंपाकी, गाईड सगळे मोजले जातात. फेब्रुवारीत वाट डागडुजीसाठी बंद असते. या नियमांबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, त्या दगडी पायऱ्या टिकायच्या असतील तर गर्दीला आवर घालायलाच हवा. पण मला माझ्या चालीने चालायचं होतं, वाटलं तर तासभर एखाद्या भिंतीसमोर बसून राहायचं होतं. शोधता शोधता चोकेकिराव सापडलं. तिथे आगाऊ परमिट लागत नाही, गाईडची सक्ती नाही, आणि पायी (किंवा खेचरावर) गेल्याशिवाय पोचायचा दुसरा मार्गच नाही.

चोकेकिराव म्हणजे विल्काबांबा पर्वतरांगेत, आपुरिमाक नदीच्या प्रचंड दरीच्या माथ्यावर, सुमारे ३,०५० मीटर उंचीवरचं इंकांचं नगर. बांधकाम पंधराव्या शतकातलं. स्पॅनिशांनी इंकांची राजधानी कुस्को घेतल्यावर त्यांचा राजा मांको इंका १५३७ मध्ये याच विल्काबांबाच्या डोंगरांत मागे सरला, आणि १५७२ मध्ये शेवटचा राजा तुपाक अमारू पकडला जाईपर्यंत इंकांची उरलीसुरली सत्ता या मुलखात तग धरून होती. माचू पिचू जगापुढे आणणारा हायरम बिंगहॅम त्याच्या दोन वर्षं आधी, १९०९ मध्ये, इथे येऊन गेला होता. नगराचा बराच भाग अजून झाडीखाली आहे. रोपवे करायची योजना बरीच वर्षं चर्चेत आहे. म्हणूनही मला आत्ताच जायचं होतं.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा निदान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. माझ्याकडे अमेरिकेचा होता, त्यामुळे ते काम सुटलं. तरी निघण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लशीची. पेरूहून भारतात परतताना त्या लशीचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवू शकतात. लस अधिकृत सरकारी केंद्रांवरच मिळते, वार ठरलेले असतात, आणि ती घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. हे काम तिकीट काढलं की लगेच उरकावं. आणि कुस्कोत जागोजागी मिळणारी कोकाची पानं तिथेच संपवायची. आपल्याकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येतात, त्यामुळे आठवण म्हणूनसुद्धा एक पान बॅगेत नको.

कुस्को ३,४०० मीटरवर आहे. विमानातून उतरून थेट तिथे मुक्काम केला तर डोकं दुखणार, झोप लागणार नाही. मी उतरल्या दिवशीच खाली ओयान्तायतांबोला गेले, ते सुमारे २,८०० मीटरवर आहे. पहिल्या रात्री तिथे शांत झोप लागली. पुढचे दिवस तिथल्या आणि पिसाकच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर हळूहळू चढ-उतार केला, मग कुस्कोत मुक्काम हलवला. या सवयीला वेळ द्यावाच लागतो, कितीही चालायची सवय असली तरी. खरं तर चोकेकिरावच्या वाटेवर उंचीचा त्रास कमीच, तिथे खरा घाम काढते ती दरी.

सह्याद्रीत आपण आधी चढतो, गड बघतो आणि उतरतो. इथे गणित उलटं आहे. वाट सुरू होते कापुलियोकला, सुमारे २,९०० मीटरवर. तिथून आपुरिमाकच्या काठापर्यंत, म्हणजे सुमारे १,५०० मीटरपर्यंत उतरायचं, नदी ओलांडायची आणि समोरच्या भिंतीवर तेवढंच परत चढायचं. येताना हाच सगळा खेळ पुन्हा. म्हणजे शेवटी, दमलेल्या पायांनी, चौदाशे मीटरचा चढ. आपल्या ट्रेकर मंडळींना मी सांगते, तयारीला एकाच गडावर सलग दोनदा चढा-उतरा, पाठीवर पूर्ण वजन घेऊन. गुडघ्यांचा अंदाज तिथेच येतो.

कुस्कोहून आबान्कायच्या बसने निघायचं आणि काचोराच्या फाट्यावर उतरायचं. सगळे त्याला नुसतं रामाल म्हणतात. फाट्यावर कोलेक्तिवो, म्हणजे शेअर टॅक्सी उभ्या असतात, चार माणसं जमली की निघतात. फाट्याच्या आधी, बसच्या वाटेवर कुराहुआसी लागतं, तिथली बडीशेप नावाजलेली. आमच्या टॅक्सीत एका आजींच्या मांडीवर बडीशेपेचं गाठोडं होतं आणि काचोरापर्यंत गाडी घमघमत होती. काचोरात मी रोख पैशांची शेवटची व्यवस्था केली. पुढे सगळा व्यवहार रोखीचा, तोही सुट्ट्या नोटांत. शंभर सोलची नोट डोंगरात कुणी मोडून देत नाही.

एकटीने जायचं म्हणून काही गोष्टी मी स्वतःशी पक्क्या केल्या होत्या. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम असेल आणि अमुक तारखेपर्यंत परतले नाही तर कुणाला कळवायचं, हे कुस्कोच्या होस्टेलमध्ये लिहून ठेवलं. तोच कागद पुण्याला आईबाबांनाही पाठवला. अंधारात फक्त पहाटे चालायचं, संध्याकाळी नाही. रोज सूर्य मावळायच्या आत वस्तीला पोचायचं. वाटेत मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घेतला होता. वाट मात्र ठळक आहे, मधूनमधून किलोमीटरच्या पाट्याही आहेत.

कापुलियोकला पहिल्यांदा ती दरी दिसते. समोरची कडा इतकी जवळ वाटते की हाक मारली तर पोचेल, आणि तिथे जायला दीड-दोन दिवस लागणार असतात. उतार नागमोडी, धुळीचा, बारीक खड्यांचा. काठी नसेल तर पाय घसरतोच. जसजसं खाली जावं तसतशी हवा तापत जाते, निवडुंग वाढत जातात. खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही, कारण खेचरावरच्या ओझ्याचा नुसता धक्कासुद्धा पुरेसा होतो. मी पहिला मुक्काम चिकिस्काला केला. नदीच्या वर, झाडांच्या सावलीतली छोटी वस्ती: तंबूपुरती सपाट जागा, नळ, आणि एका कुटुंबाचं स्वयंपाकघर.

पहाटे चारला हेडलॅम्प लावून निघाले. हा ट्रेक जमण्याचं सगळं मर्म या वेळेत आहे. मे ते सप्टेंबर हा कोरडा मोसम, पण दरीच्या तळाशी ऊन सकाळी नवापासूनच भाजायला लागतं. उजाडता उजाडता प्लाया रोसालिनाचा पूल ओलांडला. मधली काही वर्षं इथे पूल नव्हता, पुराने नेला होता. तेव्हा लोक तारेला टांगलेल्या पाळण्यात बसून दोर ओढत नदी पार करायचे. नदीकाठी बारीक माश्या आहेत. चावल्या की रक्ताचा ठिपका उमटतो आणि खाज आठवडाभर जात नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पॅंट घाला, कितीही उकडलं तरी.

पुलापासून सांता रोसा आणि तिथून मारांपाता, हा चढ आठवला की अजून पोटऱ्या दुखतात. वळणावर वळण, वर बघितलं तर पुन्हा वळणं. मी पावलं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, फक्त श्वास बघायचा. बोलता येईल इतकाच वेग. सांता रोसाला पाणी भरून घेतलं, त्यात शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकल्या, अर्धा तास झोपले. ऊन चढायच्या आत निम्म्याहून जास्त चढ मागे पडला होता. कुस्कोहून गाईड आणि खेचरं घेऊन आलेला एक गट मला मागे टाकून गेला आणि वर सावलीत पुन्हा भेटला. मी एकटी आहे म्हटल्यावर त्यांच्या खेचरवाल्याने एक संत्रं हातात ठेवलं आणि पुढे कुठल्या घरी उतरायचं ते सांगितलं.

मारांपाता कड्यावरची दहा-बारा घरांची वस्ती असावी. ज्या सेन्योराकडे मी उतरले त्यांचं स्वयंपाकघर मातीच्या भिंतींचं, कोपऱ्यात चूल, आणि पायाखालून गिनिपिगांची पिल्लं चूं-चूं करत इकडून तिकडे धावणारी. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी किन्वाचं सूप, भात, उकडलेले बटाटे आणि वर तळलेलं अंडं दिलं. मी पिशवीतून मेतकूट काढून भातावर घातलं. त्यांनी वाटी जवळ ओढून वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं, आणि नवऱ्याला हाक मारली. मग दोघांनी भातावर घालून खाल्लं. माझं स्पॅनिश कामचलाऊ, त्यांची आपसातली भाषा केचुआ. ‘सुलपायकी’ म्हणजे आभार, एवढा शब्द मी तिथे रोज वापरला. पाठीवरचं अर्धं मेतकूट त्यांच्याकडेच ठेवून आले. एकटीने ट्रेक केला असं मी म्हणते खरी, पण या घरांशिवाय तो झालाच नसता. नळाचं पाणी, गरम सूप, पुढच्या वाटेची खबर, सगळं त्यांच्याकडून. त्यांना जेवणाचे-मुक्कामाचे पैसे देताना घासाघीस करणारे प्रवासी मी पाहिले. मला ते पटत नाही. इथे तांदळाचा प्रत्येक दाणा खेचराच्या पाठीवरून येतो.

मारांपाताच्या पुढे चौकीवर तिकीट मिळतं, माझ्या वेळी परदेशी माणसाला ६० सोल होते. तिथून नगरापर्यंतचा रस्ता त्यामानाने सोपा. मी पूर्ण दिवस तिथे राखून ठेवला होता आणि हा निर्णय सगळ्यात बरोबर ठरला. बरेच गट दुपारी पोचतात, चौकात फोटो काढतात आणि दुसऱ्या सकाळी उतरायला लागतात.

मुख्य चौक, त्याच्या वरचा आणि खालचा भाग, पाण्याचे पाट, दुहेरी चौकटींचे दरवाजे. भिंती कुस्कोसारख्या सुरी शिरणार नाही इतक्या घट्ट बसवलेल्या दगडांच्या नाहीत. इथला दगड पापुद्र्यांचा, शिस्ट जातीचा, तसा घडवताच येत नाही. म्हणून गवंड्यांनी चपट्या चिपा मातीत रचल्या आणि वरून गिलावा केला. काही ठिकाणी तो गिलावा अजून टिकून आहे. चौकाच्या दक्षिणेला एक टेकडी आहे, तिचा माथाच कापून सपाट केलाय आणि कडेने बुटकी दगडी भिंत घातलीय. तो उस्नू, विधींचा चौथरा. तिथे उभं राहिलं की एका बाजूला बर्फाचे डोंगर, खाली आपुरिमाकचा पांढरा धागा. सकाळी तिथे मी होते, गवत कापणारे दोन कामगार होते आणि वरून घिरट्या घालणारा एक कोंडोर, म्हणजे तिथलं भलंमोठं गिधाड.

आणि लामांची शेतं. ती पश्चिमेच्या उतारावर आहेत, बरंच खाली उतरावं लागतं, पायऱ्या उभ्या आणि अरुंद. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती झाडीतून मोकळी झाली. शेतांच्या बांधाच्या करड्या भिंतींत पांढरे दगड बसवून लामांच्या आकृत्या काढल्या आहेत, दोन डझनांच्या आसपास. मी एका लामासमोर बसले. मान एका उभ्या दगडाची, पोटाला दोन-तीन मोठे दगड, पाय बारीक चिपांचे. एवढ्याच दगडांत चाल दिसते, तांडा वर चढतोय हे कळतं. मघाशी मारांपाताच्या चढावर ज्या ओळीने खेचरं माझ्या पुढे गेली होती तीच ओळ. ही नक्षी दरवाज्यावर नाही, देवळात नाही, शेताच्या बांधावर आहे. जिथे रोज कुणीतरी मका पेरायला जाणार तिथे. इंकांविषयी वाचताना राजे आणि सोनं फार भेटतात. ही भिंत रचणाऱ्या माणसाने ओझं वाहणारं जनावर मोठं करून ठेवलंय, आणि मला तिथे त्याच्याबद्दल फार जवळीक वाटली. वर परत यायला दमछाक होते म्हणून अनेक जण हा भाग टाळतात. कृपा करून टाळू नका. फक्त पाणी भरपूर घ्या, खाली सावली नाही.

परतीचं तंत्र तेच, पहाटेची सुरुवात. नदी ओलांडून चिकिस्काला मुक्काम आणि शेवटचा चढ अंधारात सुरू. गुडघे बोलायला लागले तर वस्तीत खेचर भाड्याने मिळतं, त्यात कमीपणा काही नाही.

नंतर रेल्वेने माचू पिचूलाही गेले. तिकिटावर वेळ आणि ठरलेला मार्ग छापलेला, मागून गर्दीचा रेटा. जागा अप्रतिम आहे, त्यात शंका नाही, पण बघायची सवय मला चोकेकिरावने लावली होती: पाट कुठून कुठे जातो, कुठली भिंत दुरुस्त केलेली, कुठली मूळची. दोन्ही करणार असाल तर क्रम हाच ठेवा.

चोकेकिरावहून यानामामार्गे थेट माचू पिचूच्या दिशेने जाणारी लांब वाट आहे, आठवडाभराहून जास्त चालीची. पुढच्या वेळी ती करायची आहे. तेवढं अन्न पाठीवर नेणं शक्य नाही, खेचर आणि खेचरवाला मारांपातातूनच ठरवावा लागेल. सेन्योरांनी त्यांच्या पुतण्याचं नाव तेव्हाच माझ्या वहीत लिहून दिलंय.