मागच्या खोलीतलं वायफाय

माझी गाण्याची एक विद्यार्थिनी सिंगापूरला असते, माझ्याकडे ऑनलाइन शिकते. वय वर्षं अकरा. आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा तिच्याकडे साडेसात झालेले असतात. शाळा, गृहपाठ उरकून ती तानपुरा लावून बसते. गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे मी तिच्याकडून यमनमधली एकच तान घोटून घेत होते. दर वेळी तीव्र मध्यमापाशी ती अडखळते, असं मला ऐकू यायचं. मग तिच्या आईनं तीच तान तिकडे रेकॉर्ड करून पाठवली. तान स्वच्छ होती. पोरीचा मध्यम बरोबर लागत होता, माझ्या खोलीत पोचत नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिला मी विनाकारण बोलले होते.

आमचं घर साताऱ्यातलं, जुनं. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे माझी गाण्याची खोली. भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. फायबरची वायर रस्त्याकडून येते, म्हणून बसवायला आलेल्या मुलानं राउटर सोप्यात मीटरशेजारी ठोकला आणि गेला. तक्रार केली की फोनवर एकच उत्तर मिळायचं: १०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन सोडा, २००चा घ्या. मी घेणारही होते. पुण्याच्या भाच्यानं अडवलं. म्हणाला, "मावशी, नेट घरापर्यंतच कमी येतंय की घरात आल्यावर हरवतंय, ते आधी बघ. मग पैसे घाल."

ते बघायला पाच मिनिटं लागली. लॅपटॉप सोप्यात नेला, त्याचं वायफाय बंद केलं आणि राउटरला लॅनची वायर लावून स्पीड मोजला. ९४ एमबीपीएस. १००च्या पोर्टवर एवढाच दिसतो, थोडा भाग डेटाच्या पॅकिंगमध्येच जातो. म्हणजे कंपनी देत होती ते पुरेपूर येत होतं. मग तोच लॅपटॉप वायफायवर घेऊन गाण्याच्या खोलीत बसले: डाउनलोड ६, अपलोड १. २००चा प्लॅन घेतला असता तरी इथे ६च मिळाले असते.

नुसत्या आवाजाला खरं तर १ एमबीपीएससुद्धा भरपूर होतो. पण तो सलग यायला हवा. सिग्नल क्षीण असला की डेटाचे तुकडे गळतात, पुन्हा पाठवावे लागतात, आणि उशिरा पोचलेला तुकडा अ‍ॅप सरळ टाकून देतं. बोलण्यात एखादं अक्षर गेलं तरी अर्थ लागतो. द्रुत लयीतल्या तानेत एवढ्या वेळात स्वर येऊन जातो.

भाच्यानं फोनमध्ये सिग्नल मोजायचं एक अ‍ॅप टाकायला सांगितलं. आकडे उणे येतात; शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं, आणि १०ने घसरला की सिग्नलची ताकद दहाव्या हिश्शावर. सोप्यात उणे ३८, माजघरात उणे ६१, माझ्या खोलीत उणे ७९. स्वयंपाकघरात मांडणीच्या अलीकडे आणि पलीकडे मोजलं तर तिथेच मोठा फरक. दगडी भिंत, त्यावर पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणी. धातू या लहरी आरपार जाऊ देत नाही.

राउटर दोन पट्ट्यांवर चालतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण आमच्या भिंतींपुढे तो माजघरातच संपायचा. मागे पोचायचा तो २.४चा, आणि त्यावर सगळ्या गल्लीची गर्दी. अ‍ॅपमध्ये शेजारपाजारची नऊ नावं दिसली, बहुतेक ६ नंबरच्या चॅनेलवर (चॅनेल म्हणजे पट्ट्यातला एक कप्पा), आमचंही तिथेच. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. मी चॅनेल १ लावला, तर खोलीतला डाउनलोड ६वरून ११ एमबीपीएसवर गेला. पण संध्याकाळी ५ वाजताच्या सुमारास तान तरीही तुटायची. तेव्हा सूनबाई नातवासाठी मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करते, आणि मायक्रोवेव्हही २.४च्याच आसपास चालतो. आता दूध गॅसवर तापतं.

मध्येच १,५०० रुपयांचा रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारी डबी, आणून झाला. दुकानदारानं तो "जिथे नेट येत नाही तिथे लावा" असं सांगितलं होतं. हा सल्ला चुकीचा आहे. जिथे सिग्नलच मरतुकडा आहे तिथे रिपीटर तो मरतुकडा सिग्नलच पुढे पाठवणार. तो वाटेत, सिग्नल अजून धड आहे तिथे लावायचा असतो. शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यात निम्मा वेग जातो. मी तो परत केला.

शेवटी वायर टाकली. २० मीटर लॅन केबल, माळ्यावरून, विजेच्या वायरीपासून लांब. मागच्या टोकाला कपाटात पडून असलेला जुना राउटर. त्याचं डीएचसीपी (घरातल्या फोन-लॅपटॉपना नेटवरचे पत्ते वाटायची सोय) बंद करायचं राहिलं, तर दोन्ही राउटर घरभर पत्ते वाटायला लागले आणि सगळंच ठप्प झालं. ते बंद केलं, जुन्याचा स्वतःचा पत्ता बदलला, केबल वॅनऐवजी (बाहेरचं नेट घ्यायच्या पोर्टाऐवजी) लॅनच्या पोर्टात लावली आणि चॅनेल ११ दिला. खोलीत ८८ आले.

ऑनलाइन शिकवणाऱ्या गाण्याच्या शिक्षकांना आणखी एक सांगते. बऱ्याच कॉलिंग अ‍ॅपमध्ये गोंगाट दाबायची सोय चालूच असते आणि ती तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा, दोन्ही बाजूंना.

पोरीची मी माफी मागितली. तिनं हसून पुन्हा तीच तान घेतली. मध्यम सुरेख होता. उतरताना मात्र गंधार केसभर कमी लागत होता, आणि तो मला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आला. या आठवड्यात आम्ही त्यावर बसलो आहोत.