गायोलेचा बाजार आणि सत्तर मिलिमीटरची बीबी

उजवा कप त्या म्हाताऱ्या विक्रेत्याने आधीच सोडवून ठेवला होता. पुठ्ठ्यावर सायकलची फ्रेम उलटी ठेवलेली, शेजारी फोर्क, हेडसेटच्या म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या वाट्या. अंड्यांच्या ट्रेच्या एकेका खळग्यात बीबीचे, म्हणजे पेडलचे दांडे फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटचे, दोन कप, एक्सल आणि दोन्ही बाजूंचे छर्रे वेगवेगळे. मी काही विचारायच्या आत त्याने खिशातली छोटी बॅटरी माझ्या हातात दिली आणि बोटाने खूण केली, आत बघ. मला इटालियन चार वाक्यांपलीकडे येत नाही, त्याला इंग्रजी अजिबात नाही. पण जुनी सायकल विकणाऱ्याने ती आतून दाखवणं याहून मोठं आदरातिथ्य मला त्या आठ दिवसांत कुठे मिळालं नाही.

गायोले इन कियान्ती हे टस्कनीतलं जेमतेम अडीच-तीन हजार वस्तीचं गाव. रेल्वे नाही, सिएनाहून बसने यायचं, आणि बस मोजक्याच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे ‘एरोइका’ भरते. १९९७ साली जानकार्लो ब्रोच्ची यांनी ती सुरू केली तेव्हा ९२ जण आले होते, आता हजारो येतात. शर्यत नाही, वेळ कुणी मोजत नाही. मूळ हेतू कियान्तीतले पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते डांबरापासून वाचवायचा. सायकल १९८७ किंवा त्याआधीची हवी, गिअरचे लिव्हर डाऊन ट्यूबवर, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवर, पेडलला टो-क्लिप आणि चामडी पट्टे, ब्रेकच्या वायरी हँडलच्या टेपबाहेरून आलेल्या. गावात राहायला जागा मिळणं कठीण, काही महिने आधी ठरवलं नाही तर सिएना गाठावं लागतं. फ्लॉरेन्समधले दोन दिवस माझ्या लक्षातही नाहीत. मी बाजारासाठी आलो होतो.

आणि बाजारात आधी चीड आली. तोंडाशीच असलेल्या स्टॉलवर दहाबारा सायकली काचेसारख्या चमकत होत्या. नवा रंग, नवे स्टिकर, जुनी नावं. इटलीत सत्तरच्या दशकात गल्लोगल्ली फ्रेम बांधणारे कारागीर होते. त्यांच्या निनावी फ्रेमवर प्रसिद्ध नावाचं स्टिकर चिकटवून चौपट किंमत लावणं हा जुना धंदा आहे. स्टिकर खोटं बोलतं, पोलाद बोलत नाही. कोल्नागोच्या फ्रेमवर त्रिदलाची खूण धातूत कोरलेली असते, दे रोझाच्या फ्रेममध्ये बदाम कापलेला असतो. तिथल्या एका ‘कोल्नागो’वर ती खूण कुठेच नव्हती. बीबी शेलवर, म्हणजे बीबी बसते त्या आडव्या नळीवर नाही, फोर्कच्या क्राऊनवर नाही, सीट लगवर नाही. (लग म्हणजे दोन नळ्या जोडणारी धातूची बाही.) शिवाय नव्या रंगाचा थर इतका जाड की लगच्या कडा बुजून गेल्या होत्या. पितळेचा डाख कसा दिलाय, लगची कड कानशीने किती पातळ केलीय, यावरून तर कारागीर ओळखायचा. तेच रंगाखाली गाडून टाकलं तर विकत घ्यायला उरतं काय?

म्हाताऱ्याची फ्रेम फिकट लाल होती. टॉप ट्यूबवर ब्रेकच्या वायरीने रंग घासून पोलाद दिसत होतं, खालच्या भागाला गंजाचे ठिपके. नाव एका छोट्या कारागिराचं, मी कधी न ऐकलेलं. मी गुडघे टेकून पाऊण तास तिथे बसलो. काय पाहिलं ते सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच घाई करतात.

सर्वांत आधी हेड ट्यूबच्या, म्हणजे फोर्कचा दांडा जिच्यातून जातो त्या पुढच्या नळीच्या मागे, टॉप ट्यूब आणि डाऊन ट्यूबच्या खालच्या अंगाला बोट फिरवायचं. समोरून धडक बसलेल्या फ्रेमला तिथे बारीक फुगवटा किंवा रंगाला सुरकुती येते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. मग दोरी. मागच्या एका ड्रॉपआऊटपासून, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेपासून, निघून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटपर्यंत ताणायची आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. फरक २ मिमीच्या आत असेल तर फ्रेम सरळ समजावी. इथे तो १ मिमीपेक्षा कमी भरला.

फोर्कच्या दांड्यात खालून बॅटरी मारली तर आत पिळाच्या उभारलेल्या रेघा दिसल्या. बंदुकीच्या नळीत असतात तशा. कोलंबस या इटालियन कंपनीच्या नळ्यांच्या बऱ्याच फोर्कना त्या असतात, आणि हे स्टिकर लावून आणता येत नाही. पुढचा पुरावा सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी. कोलंबस एसएल नळीची सीट ट्यूब बाहेरून २८.६ मिमी, वरच्या टोकाला पत्रा ०.६, म्हणजे आतून २७.४, आणि त्यात २७.२ मिमीचा पोस्ट सैलसर सरकतो. जरा जाड एसपी नळी असेल तर २७.० चा बसतो. स्टिकर एसएलचं आणि पोस्ट २६.४ चा असेल तर एकतर नळी साधी आहे किंवा कुणीतरी वरचं टोक आवळून चेपलंय. म्हणून व्हर्नियर कॅलिपर खिशात हवाच. इथे पोस्ट २७.२ चा निघाला आणि बोटांनी बाहेर आला. हे महत्त्वाचं, कारण ॲल्युमिनियमचा पोस्ट पोलादात वर्षानुवर्षं राहिला की दोन धातूंमधल्या क्षाराने असा जाम होतो की कधी कधी तो करवतीने आतून कापावा लागतो. न हलणारा पोस्ट असेल तर कितीही सुंदर फ्रेम असो, मी सोडून देतो.

ड्रॉपआऊटवर कॅम्पाग्नोलो या सुटे भाग बनवणाऱ्या इटालियन कंपनीचा ठसा. हँगरचं, म्हणजे गिअर बदलणारं डिरेलर जिथे बसतं त्या कानाचं भोक १० मिमी, इंचाला २६ आटे. शिमानोचं डिरेलर १ मिमी पिचचं असतं. ते जोर लावून आत घालणाऱ्यांनी असंख्य हँगरचे आटे खाल्ले आहेत, तेव्हा तिथे बॅटरीने नीट पाहावं. मागची रुंदी १२६ मिमी, म्हणजे सहा गिअरच्या फ्रीव्हीलची. बीबी शेल ७० मिमी रुंद, आटा ३६ मिमी व्यासाचा, इंचाला २४. ही इटालियन बीबी. एक्सलवरही ७० चा आकडा कोरलेला होता. ६८ लिहिलं असतं तर ते इंग्रजी शेलचं एक्सल ठरलं असतं आणि चेनची रेघ कायमची वाकडी राहिली असती.

किंमत ३८० युरो, फोर्क आणि हेडसेटसकट. मी घासाघीस केली नाही. पाने आणि बॅटरी घेऊन बसणाऱ्या माणसाशी ती करावीशी वाटली नाही.

बाकी सामान इतर स्टॉलवर जमवलं. कॅम्पाग्नोलो न्युओवो रेकॉर्डच्या मागच्या डिरेलरवर पेटंटच्या ठशाशेजारी सालाचे दोन आकडे असतात, माझ्यावर ७६ आहे. त्यावरून डिरेलरचं वय कळतं, सायकलचं नाही, कारण पन्नास वर्षांत कोण काय बदलेल सांगता येत नाही. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, घेताना मात्र फार सांभाळा. कॅम्पाग्नोलोच्या उजव्या क्रँकला, जिथे मुख्य दांडी आणि चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) धरणारे पंजे एकत्र येतात त्या कोपऱ्यात, केसाएवढी चीर पडते. मळ साचला की ती दिसत नाही. पेट्रोलच्या फडक्याने कोपरा पुसा, भिंगाने पाहा, आणि चीर दिसली तर फुकटसुद्धा घेऊ नका. चढावर उभं राहून पेडल मारताना तो क्रँक तुटला तर माणूस तोंडावर पडतो. मी तीन क्रँक परत ठेवले, चौथा घेतला. या क्रँकवर चेनरिंगचे बोल्ट १४४ मिमीच्या वर्तुळावर असतात आणि तिथे व्यवहारात ४२ दात्यांपेक्षा लहान रिंग मिळत नाही. मागे हे डिरेलर २६ दात्यांच्या पुढे नीट ओढत नाही. म्हणजे सर्वांत हलका गिअर ४२ ला २६.

हा आकडा काय असतो ते भाड्याच्या सायकलवर छोट्या मार्गावरच कळलं. ब्रोलियो किल्ल्याकडे जाणाऱ्या चढावर पहाटे दुतर्फा दिवे लावतात, ते पाहून डोळे भरून येतात, आणि मांड्याही. पांढरी धूळ, वाटेत गरम रिबोलिता म्हणजे भाज्या आणि पावाचं सूप, पावावर वाईन आणि साखर, गावातल्या बायका पातेल्यातून वाढतायत. गर्दी खूप, पण धक्काबुक्की नाही. याहून जास्त त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं नाही.

फ्रेम आणायला चाकांची गरज नाही. पुढच्या ड्रॉपआऊटमध्ये १०० मिमीचा आणि मागच्यात १२६ मिमीचा लाकडी ठोकळा अडकवायचा. सामान चढवणारे पिशवी आपटतात तेव्हा ठोकळा नसेल तर ड्रॉपआऊट आत वाकतात. नळ्यांना प्लंबिंगचा फोम गुंडाळायचा. इटलीच्या वेगवान गाड्यांत ठरावीक मापाच्या पिशवीत सुटी केलेली सायकल सामान म्हणून चालते.

पुण्यात आल्यावर खरं काम. रंगाला हात लावायचा नाही हे मी तिथेच ठरवलं होतं. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, सुकल्यावर मेण. फोर्कच्या टोकांच्या क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, क्रोमला ओरखडा येत नाही. नळ्यांच्या आत रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉईल्ड जवसाचं तेल ओतलं, फ्रेम चहूबाजूंनी फिरवली, जास्तीचं ओघळू दिलं आणि आठवडाभर उलटी टांगली. आत पातळ पापुद्रा धरतो. आपल्या पावसाळ्यात हे नाही केलं तर गंज आतून खातो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

हँडल आणि ते धरणारा स्टेम यांची मापं जुळवणं हा वेगळा त्रास. जुन्या चिनेल्लीचं हँडल मध्यभागी २६.४ मिमी, इतर बरीचशी २६.० किंवा २५.८. डोळ्याला फरक दिसत नाही. २६.० चं हँडल २६.४ च्या स्टेममध्ये आवळलं तर बोल्ट संपेपर्यंत आवळूनही खड्ड्यात हँडल फिरतं. पत्र्याची पट्टी घालून भागवू नका.

ट्युब्युलर टायर म्हणजे रिमला डिंकाने चिकटवायचा टायर. त्याच्या डिंकाला चार दिवस द्या. रिमवर पातळ थर, रात्रभर वाळू द्यायचा, दुसरा थर, टायरच्या कापडी पट्टीवर एक थर, मग रिमवर ताजा पातळ हात देऊन टायर चढवायचा, हवा भरायची आणि २४ तास हात लावायचा नाही. जाड थर एकदम लावला की आत ओला राहतो आणि उतारावर टायर रिमवरून सरकतो.

आता बीबी. आपल्याकडच्या साध्या सायकलींची बीबी इंग्रजी पद्धतीची, तिचा उजवा कप उलट्या आट्याचा. इटालियन बीबीचे दोन्ही कप सुलट्या आट्याचे. म्हणून आपल्या दुकानात हातसवयीने उजवा कप सोडवायला पाना उजवीकडे फिरवला जातो, कप आणखी घट्ट होतो, मग पान्याला पाइप लावतात आणि कपच्या कडा गोल होतात. फ्रेम दुकानात द्यायची असेल तर बीबीवर कागद चिकटवून लिहाच: दोन्ही कप सुलटे.

घट्ट बसवताना अडचण उलटी. पेडल मारताना एक्सलवरचा भार छर्र्यांमधून कपवर गोल गोल फिरतो आणि कप हळूहळू एक्सलच्या विरुद्ध दिशेला सरकत जातो. उजव्या बाजूला ही दिशा सुलटा आटा सोडवणारी आहे. इंग्रजांनी उलटा आटा ठेवला तो याच कारणाने. मी हे जाणून होतो, तरी पहिल्यांदा नेहमीसारखं ग्रीस लावून हाताला वाटेल तेवढं आवळलं. साठ किलोमीटरवर क्रँक हलायला लागला, आणि सैल कपने आटेच खाल्ले असते तर फ्रेम गेली असती.

दुसऱ्यांदा सगळं उतरवलं. शेलचे आणि कपचे आटे दात घासायच्या ब्रशने आणि पेट्रोलने कोरडे केले. उजव्या कपवर ग्रीस नाही, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक. ३६ मिमीचा चपटा पाना कपच्या पातळ कडांवरून निसटतो, म्हणून कपमधून लांब बोल्ट घालून, मोठ्या वॉशरने पाना कपवर दाबून धरला, आणि मग पूर्ण वजन टाकून आवळला. आत दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे, पिंजरा काढून टाकून, एकाच पाकिटातले. जुने आणि नवे मिसळले की मोठा छर्रा एकटा भार घेतो आणि वाटीला खड्डा पाडतो. डावा कप ग्रीसवर, एक्सल फिरताना खरखर नाही आणि हलवल्यावर खेळ नाही अशा जागी, मग लॉकरिंग.

शेवटी उजवा कप आणि शेल यांच्यावर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढली. तशीच डावीकडे लॉकरिंगवर. कप केसभर सरकला तरी रेघ तुटते. सिंहगडाचा घाट ४२ ला २६ वर चढून खाली आलो की टोपी काढायच्या आधी मी ती रेघ बघतो. चारशे किलोमीटर झाले, दोन्ही रेघा अखंड आहेत.