आमची वाटचाल : आयसी सगळ्यात शेवटी

मालवणातल्या आमच्या दुकानात पूर्वी टेप आणि रेडिओ दुरुस्तीला यायचे. पुढे भजनी मंडळं, देवळं आणि दशावतारी कंपन्या यांचे ॲम्प्लिफायर येऊ लागले. आता आम्ही स्वतःही मशीन बांधून देतो. टेबलावरच्या आयसी, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या चिपा, बदलत गेल्या. आधी टीडीए २०३०, मग एसटीके मालिकेतल्या मोठ्या हायब्रिड, आणि आता बहुतेक वेळा टीडीए ७२९४. तक्रार मात्र तीच राहिली: "नवीन आयसी घातलेली, परत उडाली."

म्हणून एकदा बदललेली आयसी पुन्हा गेली असेल, तर आल्या आल्या तिसरी लावायची नाही, हा दुकानाचा नियम. आयसी बदलणं हे अर्ध्या तासाचं काम. तिला कोण मारतंय हे सापडेपर्यंत मशीन ठेवून घ्यावं लागतं आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

पहिला संशय सप्लायवर, म्हणजे आयसीला मिळणाऱ्या डीसी व्होल्टेजवर. ७२९४ ची कामाची मर्यादा अधिक-उणे ४० व्होल्ट. सिग्नल नसताना ती ५० पर्यंत सोसते, पण त्या भरवशावर राहू नये. किटबरोबर बऱ्याचदा २८-०-२८ चा ट्रान्सफॉर्मर (मधे शून्य, दोन्ही बाजूंना २८ व्होल्ट एसी) गळ्यात मारतात. एसीचा डीसी झाला की २८ गुणिले १.४१, वजा डायोडचा एक व्होल्ट, म्हणजे साडेअडतीस. हे २३० च्या लाइनवर. जत्रेच्या गावात मध्यरात्रीनंतर घरातले दिवे-पंखे बंद झाले की लाइन चढते. ती २६० झाली की हेच साडेअडतीस त्रेचाळीसच्या पुढे जातात. मांडवात न्यूट्रल ढिला असेल तर मग बोलायलाच नको. आम्ही २५-०-२५ च्या वर जात नाही. आवाज थोडा कमी मिळतो, तो मिळू दे.

दुसरा संशय स्पीकरच्या बॉक्सवर, आणि बहुतेक मशीन इथेच मरतात. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर लावले की ४ ओहम होतात. आयसीच्या कंपनीने दिलेल्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, ७० वॅटचा आकडा ८ ओहमला ±३५ वर आणि ४ ओहमला ±२७ वर दिलाय. किट विकणारा हे सांगत नाही. २५-०-२५ वर सप्लाय ±३५ च्या जवळपास येतो. ±३५ वर ८ ओहमला आयसीत वाईटात वाईट ३१ वॅट उष्णता होते, ४ ओहमला ६२. आयसीच्या आतून पाठीच्या पत्र्यापर्यंत उष्णता येताना दर वॅटला दीड अंशापर्यंत फरक पडतो. ६२ वॅटला तो ९३ अंश झाला. हीटसिंक, म्हणजे आयसी ज्यावर आवळतात तो उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा तुकडा, ६० अंशांवर असेल तर आत १५३. आयसी आणि हीटसिंक यांच्या मधल्या मायकाचा (अभ्रकाच्या पातळ तुकड्याचा) फरक यात धरलेलाच नाही, आणि १४५ ला आयसी स्वतःला म्यूट करते. हीटसिंक कितीही मोठा लावा, हा हिशोब फारसा सुटत नाही. ४ ओहम हवेच असतील तर २०-०-२० चा ट्रान्सफॉर्मर लावावा, म्हणजे सप्लाय ±२७ च्या आसपास येतो.

याची खूण मंडळवाले स्वतःच सांगतात, फक्त त्यांना ती कळत नाही: "भजन रंगात आलं की आवाज जातो, जरा वेळाने आपोआप येतो." सगळे लूज कनेक्शन शोधत बसतात. ते थर्मल प्रोटेक्शन असतं, म्हणजे तापलेली आयसी स्वतःला म्यूट करते ते. रात्रभर असं तापून-निवून झालं की कधीतरी आयसी कायमची जाते.

आता मायका. ७२९४ च्या पाठीचा पत्रा उणे सप्लायला जोडलेला असतो, आणि हीटसिंक बॉडीला, म्हणजे ग्राउंडला. मध्ये फक्त एक पातळ मायका. हीटसिंकला भोक पाडल्यावर कडेला बारीक कूस राहते. स्क्रू आवळला की ती मायकात घुसते. भोकाच्या तोंडावर मोठं ड्रिल नुसतं हाताने फिरवलं की कूस जाते. मायका पत्र्यापेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा घ्यावा, कारण किनाऱ्यावर खारी हवा आणि धूळ मायकाच्या कडेवर बसते आणि पावसाळ्यात ती ओल धरून गळती सुरू होते. स्क्रू आवळल्यावर पत्रा आणि हीटसिंक यांच्यामध्ये मीटर २० मेगाओहमच्या रेंजवर लावायचा. काहीही वाचन आलं तर उघडा.

खाऱ्या हवेचा दुसरा बळी फ्यूजची क्लिप. ती हिरवी पडून एका बाजूचा सप्लाय तुटतो आणि आउटपुटवर थेट डीसी येतो. त्यात स्पीकरची कॉइल जळते. जळलेली कॉइल अर्धवट शॉर्ट राहिली तर पुढची आयसी तीच खाते. म्हणून मशीन आलं की आम्ही बॉक्सही मागवतो. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो. ४ च्या खाली असेल तर तो बाजूला. कोन हाताने हलके दाबल्यावर घासल्याचा आवाज आला तरी बाजूलाच.

सिग्नल नसतानाही हीटसिंक तापत असेल तर ऑसिलेशन, म्हणजे आयसी आपणहून ऐकू न येणाऱ्या कंपनात जाते. सप्लायच्या पायांना अगदी लागून १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आहेत का बघा. गेन, म्हणजे आवाज किती पट वाढतो ते, कमी करायला कुणी ६८० ओहमचा रेझिस्टर बदललाय का तेही बघा. ही आयसी २४ डीबी गेनच्या खाली स्थिर राहत नाही. नकली मालाची शंका असेल तर मेलेली आयसी पकडीने फोडून आतला तुकडा अस्सल आयसीच्या तुकड्याशी ताडून बघा.

हे सगळं झाल्यावर नवीन आयसी. आधी तिच्याशिवाय दोन्ही सप्लाय सारखे आहेत का मोजायचे, मग फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करायचे. भरलेल्या कपॅसिटरवर सोल्डरिंग केलं तर नवी आयसी तिथेच संपते. पहिली चालू ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून (मेन्सच्या वायरीत मधे जोडलेल्या साध्या बल्बमधून), स्पीकर न लावता. बल्ब एकदा उजळून मंद झाला पाहिजे. आउटपुटवर डीसी १०० मिलिव्होल्टच्या आत हवा. मग बॉक्सच्या जागी ८ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर, आणि त्यावर मशीन टिकलं तरच बॉक्स. प्रत्येक मशीनला मायक्रोपीसी १२३७ आयसीचा रिले प्रोटेक्शन बोर्ड (आउटपुटवर डीसी आला की स्पीकर तोडणारा) घालतो आणि पावसाच्या आधी बोर्डाच्या तांब्याच्या बाजूला क्लिअर वार्निश मारतो.

चार बॉक्स हवेच असं म्हणणाऱ्या मंडळाला आम्ही जोडणीच करून देतो: दोन-दोन बॉक्स एकापुढे एक (सिरीजमध्ये), म्हणजे १६ ओहमच्या दोन जोड्या, आणि त्या दोन जोड्या समांतर. परत ८ ओहम. वायरच्या टोकाला मीटरने ६ च्या आसपास दाखवलं तरच ती मागच्या टर्मिनलला लावायची.