तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिसेरा राखून ठेवला म्हणजे नक्की काय केलं?

मी सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, विषशास्त्र विभागात नोकरी केली हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग ते लग्न असो नाहीतर सोसायटीची मीटिंग. पेपरात येतं ना नेहमी, "मृत्यूचं कारण समजलं नाही, व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे", तर ते राखून ठेवतात म्हणजे काय करतात, आणि मग इतके महिने का लागतात, टीव्हीवर तर रात्रीत रिपोर्ट येतो आणि सकाळी खुनी हातात. परवा भाचीच्या सासऱ्यांनी विचारलं तेव्हा जेवण निवेपर्यंत बोलत बसले, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

व्हिसेरा म्हणजे पोटातले अवयव. पोस्टमॉर्टेम करताना डॉक्टरांना विषाची शंका आली तर ते जठर त्यातल्या ऐवजासकट आणि लहान आतड्याचा तुकडा एका बरणीत घालतात, यकृताचा तुकडा, प्लीहा आणि दोन्ही किडन्यांचा अर्धा अर्धा भाग दुसऱ्या बरणीत, रक्त वेगळ्या बाटलीत. आणि हे टिकवायला बहुतेक वेळा काय वापरतात माहितीये? मीठ. साधं मिठाचं पाणी, फक्त मीठ इतकं की आणखी विरघळतच नाही. लोकांना वाटतं फॉर्मलिन वगैरे असेल, पण फॉर्मलिनने मांस कडक होतं आणि मग त्यातून विष बाहेर काढणं अवघड होऊन बसतं, शिवाय काही विषांवर त्याचाच परिणाम होतो. त्या मिठाच्या पाण्याचा नमुनासुद्धा वेगळ्या बाटलीत पाठवायचा असतो, म्हणजे उद्या कोर्टात कोणी म्हणायला नको की विष मिठातच होतं. बरणी काठोकाठ भरायची नाही कारण आत गॅस धरतो, आणि झाकण मात्र घट्ट पाहिजे, कारण गव्हात ठेवायच्या त्या गोळ्या कोणी खाल्ल्या असतील तर त्यांचा फॉस्फिन वायू उडून जातो आणि आम्हाला शोधायला काही राहतच नाही.

मग कापड, दोरा, लाखेचं सील, सीलचा नमुना कागदावर, पोलिसांचं पत्र, आणि हे सगळं घेऊन एक हवालदार एसटीने आमच्याकडे. पोलिसांच्या भाषेत "सीएला पाठवलं". सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, हे आमचं जुनं नाव, अजून तेच चालतं.

एका पावसाळ्यात आलेली एक बरणी मी विसरू शकत नाही. पिशवी ओली, लेबलवरची शाई पसरलेली, आत मीठ जवळजवळ नाहीच. लग्नाला दोन वर्षं झालेली मुलगी होती. सासरचे म्हणत होते साप चावला, माहेरचे म्हणत होते औषध पाजलं (आपल्याकडे गावात कीटकनाशकाला औषधच म्हणतात, मला तो शब्द इतकी वर्षं ऐकूनही टोचतो). ती बरणी एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत काही महिने पडून होती. यकृताचा लगदा झाला होता. आम्ही जे जे करता येतं ते सगळं केलं आणि शेवटी लिहिलं, विष आढळून आलं नाही. तिचे वडील नंतर गेटवर आले, मला म्हणाले, म्हणजे मॅडम, पोरीला काहीच दिलं नव्हतं का? मी त्यांना काय सांगणार होते? आढळलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही हो. आणि सापाचं विष हे प्रथिन असतं, ते आमच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीत दिसतच नाही, त्यासाठी चावल्याच्या जागेची कातडी वेगळी घेऊन पाठवावी लागते, ती कोणी घेतलीच नव्हती. म्हणजे सासरच्यांचं खरं की माहेरच्यांचं, आमचा कागद काहीच बोलत नव्हता, तरी तो "निगेटिव्ह रिपोर्ट" म्हणून फाइलला लागला. याचा त्रास मला आजही होतो.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. १८३० च्या दशकात इंग्लंडमधे जेम्स मार्श नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कॉफीतून आजोबांना सोमल (म्हणजे आर्सेनिक) दिल्याच्या केसमधे सोमल शोधून काढलं होतं, पण ज्युरीसमोर न्यायची वेळ आली तोपर्यंत पुरावा म्हणून ठेवलेला, तपासणीत खाली बसलेला सोमलाचा पिवळा साका खराब झाला आणि आरोपी नातू सुटला, पुढे त्याने स्वतःच कबुली दिली. मार्शला ते इतकं लागलं की त्याने १८३६ साली सोमल ओळखायची नवी चाचणीच जगापुढे ठेवली. आपल्याकडे मद्रास, कलकत्ता, आग्रा, मुंबई इथे १९ व्या शतकात केमिकल एक्झामिनर बसले तेही मुख्यतः विषबाधेच्या केसेससाठीच.

आता वेळ का लागतो. विष अवयवात मिसळून गेलेलं असतं, त्यामुळे आधी तो अवयव बारीक करून, वेगवेगळ्या द्रावकांनी विष ओढून काढायचं, साफ करायचं, मग पातळ थर दिलेल्या काचेच्या प्लेटवर ते वेगळं होतं का बघायचं, मग मशीनवर खात्री करायची. आणि एकच टेस्ट लावली की सगळी विषं दिसली असं नसतं! कीटकनाशकाची वाट वेगळी, धातूंची वेगळी, दारू आणि सायनाइडची वेगळी. पत्रात नुसतं "विषबाधेची शक्यता, तपासून कळवावे" असं असेल तर आम्ही सगळ्या वाटा धुंडाळत बसणार. पण खोलीत कुठली बाटली सापडली, उलटीला कसला वास होता, दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन हा कीटकनाशकावरचा उतारा दिला होता का, पेशंट किती दिवस जगला, ह्या चार ओळी कोणी लिहिल्या तर आमचा कितीतरी वेळ वाचतो. पाचव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या जठरात मूळ विष मिळेलच असं नाही. फवारणीचंही तसंच, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते काही औषध प्यायले नव्हते, अंगावर उडून आणि श्वासातून ते शरीरात गेलं, अशा वेळी जठरापेक्षा वेळेवर घेतलेलं रक्त जास्त बोलतं. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड, म्हणजे रक्त टिकवणारी पूड, घालायचं विसरलं तर आणखी एक अन्याय होतो, प्रेत किंवा रक्त कुजताना त्यात आपोआप थोडं अल्कोहोल तयार होतं, आणि आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या रिपोर्टमधे दारू येते, मग विम्याचं प्रकरण अडकतं, घरच्यांची मान खाली जाते.

आणि खुनी सापडतो का? नाही. मी इतकी वर्षं काम केलं, एकाही बरणीत मला माणसाचं नाव सापडलं नाही. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने पुण्यातल्या पोटॅशियम सायनाइडच्या एका केसमधे हे फार स्वच्छ सांगितलं: विष देऊन खून म्हणायचा तर हेतू दिसला पाहिजे, मरण त्याच विषाने आलं पाहिजे, ते विष आरोपीच्या ताब्यात होतं हे दिसलं पाहिजे आणि ते द्यायची संधी त्याला होती हेही. ह्या चारातलं एकच आमचं. बाकीचे तीन गावात, दुकानात, शेजारीपाजारी फिरून तपास अधिकाऱ्यालाच मिळवावे लागतात, आणि "सीए रिपोर्ट येऊ दे मग बघू" म्हणून तो थांबला की रिपोर्ट येईपर्यंत दुकानदार विसरतो, शेजारीण माहेरी निघून जाते, बाटली घंटागाडीत जाते.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जायचंच, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. मला मनापासून आनंद झाला, कारण आमचं निम्मं काम तिथे, त्या खोलीत पहिल्या काही तासांत ठरतं. पण त्यासाठी माणसं भरायला हवीत, नाहीतर तीच चार माणसं घटनास्थळी जाणार आणि लॅबमधे बरण्यांची रांग आणखी लांबणार.

म्हणून, देव न करो, पण तुमच्या ओळखीच्या कोणाच्या घरी अशी वेळ आलीच, तर राखून ठेवला एवढ्यावर परत फिरू नका. पोलीस ठाण्यात शांतपणे विचारा, बरणी लॅबला कधी पाठवली, पत्राचा जावक क्रमांक काय, लॅबने पोच दिली का. जखम किंवा चावल्याची खूण दिसली असेल तर ते पोस्टमॉर्टेमच्या आधी डॉक्टरांना सांगा. घरात सापडलेली बाटली, ग्लास, उलटीचे कपडे धुऊ नका, हात लावू नका, पोलिसांना दाखवून पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा. त्या मुलीच्या वडिलांना हे कोणी सांगितलं नव्हतं. ते चार महिने रोज पोस्टमनची वाट बघत होते, आणि बरणी त्यांच्या घरापासून सात किलोमीटरवरच्या खोलीत होती.