नऊ ओळी, बहात्तर पापड्या

रविवार, २६ एप्रिल

आईंनी आज पळीपापड्यांचा घाट घातला होता. साबुदाणा रात्रीच भिजवलेला. तो शिजून काचेसारखा झाला आणि पातेलं गच्चीवर गेलं तेव्हा जेमतेम सात वाजले असतील. ईशानला मी मुद्दामच उठवलं नाही. चिकट काही बोटाला लागलं की त्याचा जीव कासावीस होतो, वरणभात अजूनही चमच्यानेच खातो. पण तोच अनवाणी वर आला. आजीच्या हातातली पळी घेतली, खीर ओतली आणि पळीच्या बुडाने गोल गोल फिरवत पसरली. बोटाला थेंब लागला नाही.

मग दुसरी. मग तिसरी, अगदी रेषेत. आठ झाल्या की खालची ओळ.

तो तीन वर्षांचा असताना तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘वस्तू ओळीत लावतो.’ स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, लक्षणांतलं एक. त्यानंतर किती महिने मी त्याच्या गाड्यांच्या, चमच्यांच्या, चपलांच्या ओळी मोडत होते! ओळ मोडली की तो कान दाबून रडायचा, आणि मला वाटायचं, मी त्याच्या भल्याचंच करतेय. ते रडणं आठवलं की आजही पोटात तुटतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नताही आहे, त्याचं प्रमाणपत्र आम्ही पुढे काढलं. ते कपाटात आहे, लागतं तेव्हा लागतं. पण त्या कागदावरून किंवा त्या फायलीवरून हा मुलगा कुणाला कळणार नाही.

आईंची एक पापडी ओळीबाहेर पडली. मी श्वास रोखला. ईशानने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तिथूनच नवी ओळ सुरू केली. शेवटची पापडी झाल्यावर चवड्यांवर उभा राहून दोन्ही हात फडफडवत हसला. पूर्वी मी ‘हात खाली’ म्हणायचे. थेरपीच्या ताईंनी समजावलं, आनंद अंगात मावत नाही तेव्हा तो असा बाहेर येतो, येऊ दे. आज मीही त्याच्या शेजारी उभी राहिले आणि हात फडफडवले. शेजारच्या काकू वाळवणाला वर आल्या होत्या, त्या बघत होत्या. बघू देत. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

नऊ ओळी, बहात्तर पापड्या. मी दोनदा मोजल्या.

पातेलं रिकामं झालं तरी तो पळीने बूड खरवडत राहिला. मग आजीसमोर जाऊन म्हणाला, “तुला अजून पाहिजे का?”

त्याला काही हवं असलं की तो असंच विचारतो, आपण त्याला विचारतो त्याच शब्दांत. तहान लागली की, “तुला पाणी हवंय का?” आधी आईंचा गोंधळ व्हायचा, त्या “नको रे” म्हणायच्या आणि तो हिरमुसायचा. आज त्या लगेच म्हणाल्या, “हो बाळा, पाहिजे. उद्या परत घालू.”

संध्याकाळी पापड्या उलटतानाही तो हजर होता. एकेक कडेने अलगद सोडवत होता, एकही फाटली नाही.

आता साडेनऊ झालेत. ईशान झोपलाय, पळी उशाशी घेऊन. स्वयंपाकघरात आई साबुदाणा धुताहेत. मघाशी विचारत होत्या, अर्धा किलो पुरेल ना?